तलावाला हाक मारणारे करंटभाऊ

करंटभाऊ कोणत्याही वस्तूला पहिला स्पर्श उलट्या हाताने करत. दाराची कडी असो, चहाचा ग्लास असो, सायकलचं हँडल असो. आधी बोटांची मागची बाजू टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच हात सुलटा करून वस्तू धरायची. आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी खुर्ची पुढे केली. त्यांनी खुर्चीच्या पाठीला उलटा हात लावला. मी म्हटलं, "भाऊ, प्लास्टिकची हाये. करंट नाई मारत."

"माहीत हाये, बाई," ते म्हणाले. "पण सुलटा हात लागला अन् करंट असला, का मूठ आवळते, सुटत नाई. उलटा असला तं झटका बसून मागं फेकला जाते. कुठी करंट हाये अन् कुठी नाई, हा इचार हातानं कराले लागला का माणूस मेला." मग ते बसले, तेही खुर्ची एकदा हलवून पाहिल्यावर.

मी आमच्या गावच्या मच्छीमार संस्थेची सचिव. गाव आरमोरीपासून तासाभरावर, आणि गावाला मालगुजारांच्या काळातला जुना मालगुजारी तलाव. बासष्ट घरं त्या तलावातल्या रोहू-कतल्यावर चालतात. कोणाचं किती मासोळीचं बीज, कोणाची जाळी टाकायची पाळी कधी, कोणाच्या डोंग्याला, म्हणजे लहान नावेला, कधी डांबर लावलं, याच्या याद्या मी ठेवते. दोन वर्षांपासून त्या याद्यांत एक नवी नोंद यायला लागली होती: होळीच्या आधीच तलावाचं पाणी उतरायचं आणि मासोळीच्या पाठी उघड्या पडायच्या. पाळ, म्हणजे तलावाचा बांध, फुटली नव्हती, पाणी सोडायचं दार बंद होतं, तरी पाणी जात होतं. हे असंच चालू राहिलं असतं तर संस्था उरली नसती. बीज टाकायला कोणी पुढेच आलं नसतं.

गळती शोधायला त्या हिवाळ्यात नागपूरच्या एका सर्वेक्षण कंपनीने करंटभाऊंना पाठवलं. मूळचे ते आमच्याच तालुक्यातले, पण अर्धं आयुष्य त्यांनी समुद्रावर काढलेलं. जहाजामागे तीनशे मीटरची जाड तार सोडायची, ती समुद्राच्या तळाच्या थोडी वर तरंगत ठेवायची आणि तिच्या दोन टोकांच्या तांब्यातून खाऱ्या पाण्यात शेकडो अँपिअरचा करंट सोडायचा, हे त्यांचं काम. करंटाची दिशा सारखी उलटसुलट बदलत राहायची. त्यामुळे पाण्यात आणि तळाखालच्या दगडात विजेचं आणि चुंबकाचं एक क्षेत्र उभं राहतं, आणि तळावर ठेवलेली यंत्रं ते मोजतात. एवढं सगळं मला समजावून झाल्यावर ते म्हणाले, "सोपं सांगतो, बाई. आमी समुद्राले हाक मारतो अन् कोण कसा ओ देते थे आयकतो. खारं पाणी करंटले रस्ता देते. तेलाचा दगड अडवते. अडला, का समजाचं, खाली काही हाये."

झाडीपट्टीतला माणूस समुद्रावर जाऊन पाण्यात वीज सोडतो, यावर त्यांच्या स्वतःच्या गावाचाही कधी विश्वास बसला नव्हता. महिनोन्‌महिने गायब, फोन लागत नाही, परत आल्यावर अंग काळंठिक्कर. गावाने निष्कर्ष काढला की हा जेलात असतो. "मी जहाजाचे फोटो दाखवले," ते सांगत, "तं शेजारी म्हणे, जेलच्या भिंतीवर चांगली पेंटिंग केली हाये!" हे सांगताना ते हसत नसत. त्यांचं म्हणणं, शेजाऱ्याची शंका वाजवी होती. त्याने तपासून पाहिलं नाही एवढीच त्याची चूक.

आमच्या तलावासाठी त्यांनी लहान सरंजाम आणला होता. एक पिवळी केबल, तिच्यावर ठरावीक अंतराने स्टीलच्या कड्या, बॅटरीची एक पेटी आणि मोजणारं यंत्र. केबल डोंग्यामागे तरंगत ओढायची. दोन कड्यांतून करंट पाण्यात जायचा, बाकीच्या कड्या ऐकायच्या. इथला हिशेब समुद्राहून वेगळा. चिकण मातीत करंट पळतो, रेतीत अडतो. तळाला चिकण माती असेल तर पाणी टिकतं, रेती असेल तर झिरपतं. "रेती सापडली का तुमची गळती सापडली," ते म्हणाले.

गावाला हे पटलं नाही. खाणीच्या भागात आमच्या लोकांच्या सोयरिकी आहेत, तिकडून आलेलं शहाणपण सगळ्यांना पाठ होतं: आधी तारा येतात, मग भोकं पाडणारी मशीन येते, मग नकाशा येतो, आणि गावाला सगळ्यात शेवटी कळतं. आमचे अध्यक्ष भाऊ, वयाने मोठे, तोंडाने फटकळ, केबल उतरवतानाच पाळीवर येऊन उभे राहिले.

"काऊन जी, पाण्यात करंट सोडून राह्यले. मासोळी मेली तं?"

"नाई मरत."

"तुमी म्हणता म्हणून?"

"नाई. माह्यावर भरोसा ठेवाच नोका," करंटभाऊ म्हणाले. "पिंजरा आणा. मोजून मासोळी टाका. केबलच्या बाजूनं बांधून ठेवू."

चाळीस मासोळ्या मोजून टाकल्या. मी तसं लिहून घेतलं. दोन दिवसांनी पिंजरा उघडला तर एकोणचाळीस. पाळीवर एकच गलका झाला. करंटभाऊंनी पिंजऱ्याची जाळी सगळीकडून तपासली आणि म्हणाले, "करंटनं मेली असती तं तरंगली असती. हे चालत गेली. कोणाच्या घरी कालवण झालं थे पाहा." मागे उभ्या असलेल्या दोन जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मासोळीचा विषय तिथेच संपला.

कामात त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक रेषा दोनदा मारायची, एकदा जाताना आणि एकदा येताना. डोंगा वल्हवणारे वैतागायचे. मी विचारलं, आकडा एकदा आला तर पुन्हा कशाला? ते म्हणाले, "जाण्याचा आकडा अन् येण्याचा आकडा भावा-भावासारखे दिसले पाह्यजे. एकदमच वेगळे दिसले तं गडबड. अन् जुळ्यासारखे दिसले तं त्याहून मोठी गडबड. मंग समजाचं, यंत्र झोपलं हाये अन् जुनंच बडबडून राह्यलं." मी वीस वर्षं याद्या ठेवते आहे, पण आकडे फार चांगले जुळले म्हणून संशय घ्यायचा असतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

माझा त्यांच्यावरचा संशय मात्र चालूच होता. रोज दुपारी ते मोहाच्या झाडाखाली जाऊन कोणाला तरी फोन करत आणि हळू आवाजात आकडे सांगत. मी चार दिवस वेळा टिपल्या: सव्वा बारा, बारा वीस, सव्वा बारा, बारा दहा. हे आकडे नागपूरला पाठवायचे तर यंत्रातून जातात, मग फोनवर कोणाला? पाचव्या दिवशी मी सरळ झाडाखाली जाऊन उभी राहिले. त्यांनी फोन माझ्याकडे दिला. पलीकडे त्यांची बायको होती. ती वहीत आकडे उतरवत होती.

"घरी कशाले सांगता?" मी विचारलं.

"सांजच्याले माह्या मनात आलं का आकडा थोडा सुधरवावा, तं मले सुधरवता येऊ नये म्हणून. तिची वही माह्या हाती लागत नाई."

स्वतःवरही एवढी नजर ठेवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांच्याबद्दलची माझी यादी मी त्या दिवशी फाडली. फार लवकर फाडली असं नाही, पण त्यांनी माझ्यावर संशय घ्यायच्या आत फाडली, एवढंच.

कारण सहाव्या दिवशी त्यांना पट्टा सापडला. तलावाच्या पूर्वेकडे, पाळीपासून थोडं आत, एका सरळ रेषेत करंट असा पळत होता की मातीत तसा पळूच शकत नाही. जातानाही, येतानाही. यंत्राच्या पडद्यावर तिथे गडद निळा पट्टा दिसत होता. वल्हवणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "हे काय व्हय?" आणि करंटभाऊंच्या तोंडून खरं निघून गेलं: "लोखंडासारखं दिसून राह्यलं." नंतर ते मला म्हणाले की आयुष्यात पडताळा न घेता बोललेलं ते एकच वाक्य, आणि तेच नेमकं गावात पोचलं.

त्या दुपारी त्यांनी पाळीवर हजर असलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, "तलावात काही टाकलं का तुमी?" मलाही विचारला. मी म्हटलं, "नाई."

ते खोटं होतं. तीन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या तलावात चोरून जाळी ओढणं फार वाढलं होतं. बाहेरचे चोर नव्हते. बाहेरच्यांना गावातली कुत्री ओळखत नाहीत, भुंकतात. म्हणून अध्यक्ष भाऊ, मी आणि कमिटीतले तिघे, अशा पाच जणांनी ठरवलं की पाणी उतरलेलं असताना तळाला लोखंडी अँगल ठोकायचे, त्यांना काटेरी तार गुंडाळायची, जाळं आलं की फाटेल. ज्या बाजूला ते ठोकले, तिथला गाळ त्याच महिन्यात काढून झाला होता, त्यामुळे ठोकायला सोपं गेलं. आणि ठरलं की हे पाच जणांबाहेर जायचं नाही. जागा कळली तर चोर ती टाळणार, आणि आपल्याच लोकांवर आपण संशय घेतो हे गावभर होणार. सामानाची यादी अर्थात मी केली होती. ती ऑफिसच्या कपाटात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर शंभरेक माणसं जमली. तलावाखाली लोखंड निघालं, आता तलाव जाणार, हे सगळ्यांनी नक्की करून टाकलं होतं. करंटभाऊंची केबल गुंडाळून चिंचेला बांधली गेली. अध्यक्ष भाऊ, ज्यांनी स्वतः घण धरला होता, तेही गर्दीत उभे राहून, "तुमचा बोजा उचला अन् निघा," असं म्हणत होते. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. करंटभाऊ केबलशेजारी बसून राहिले. तिच्या गाठी मोजत होते.

दुपारी ते माझ्या घरी आले. अंगणातच उभे राहिले.

"बाई, माहा संशय तुमच्यावर हाये."

"काऊन?"

"मी सगळ्याईले इचारलं, काही टाकलं का. सगळे म्हणाले, 'काय? काय टाकलं?' तुमी एकट्याच म्हणाल्या, 'नाई.' अन् लगेच. आपल्या इकडे 'नाई' इतकं जल्दी येत नाई."

मी त्यांना पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर लगेच उपायही सुचवला, ती माझी सवय. म्हटलं, "एवढा पट्टा खराब आकडा म्हणून खोडून टाका. बाकीच्यात गळती शोधा."

"खोडला तं त्या जागी खाली काय हाये थे कधीच समजणार नाई. तार सगळा करंट पिऊन राह्यली, तिच्या खालचं काही आयकू येत नाई. गळती तिथीच असली तं? अन् ठेवला तं गाव लोखंड-लोखंड करून बोंबलते. तिसरा रस्ता तुमच्या कपाटात हाये."

"तुमीच सांगा नं लोकाईले. तुमच्या यंत्रानं दाखवलं म्हणा, काटेरी तार हाये."

"तार हाये थे यंत्र सांगन. कोणी टाकली थे यंत्र नाई सांगत. थे तुमालेच सांगा लागते."

मी ऑफिसात गेले, यादी काढली आणि संध्याकाळी पाळीवर सभा बोलावली. सचिवपद जाणार हे धरून चालले होते. राजीनामाही लिहून हातात धरला होता. प्रस्तावना केली नाही. सरळ वाचायला सुरुवात केली. "काटेरी तार, चार बंडल. लोखंडी अँगल, एकवीस नग. पलंगाच्या जुन्या फ्रेमा, दोन. ठोकणारे, पाच जण." पाचही नावं वाचली. पहिलं अध्यक्षांचं, दुसरं माझं.

मग अध्यक्ष भाऊंचा पुतण्या, चाळिशीचा धडधाकट गडी, ताडकन उभा राहिला. "एकवीस? अन् मी समजत होतो का तिथी झाडाचे खुंट हायेत! माह्ये तीन-तीन जाळे..." आणि तो थांबला.

मागून एका म्हातारीचा आवाज आला, "बस बाबू, बस आता. तुहा नंबर लागला."

पाळ अशी हसली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. अध्यक्ष भाऊ हसले नाहीत. ते पुतण्याला म्हणाले, "उद्या सकाळी पहिली बुडी तू मारजो. एक-एक अँगल तुह्याच हातानं काढजो." मग माझ्याकडे वळून, "अन् बाई, तुमचा थो कागद ठेवा पिशवीत. दुसरं कोण लिहीन एवढं?" चिंचेची केबल कोणी सोडली ते मी पाहिलं नाही. सभा संपली तेव्हा ती डोंग्यात होती.

दोन दिवस अँगल निघत होते. पाणी तिथे छातीभर होतं. पुतण्या बुडी मारायचा, दोर बांधायचा, वर दहा जण ओढायचे. काढलेले अँगल पाळीवर रांगेत ठेवले होते आणि मी ते यादीशी पडताळत होते. करंटभाऊ माझ्यामागून येत होते. एका अँगलापाशी ते वाकले, मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. वरच्या भागाला काळी चिकण माती लागलेली होती. ठोकलेल्या टोकाला मात्र, वीतभर, पांढरी ओली रेती होती. एकूण एक अँगलला.

"हे रेती कुठून आली?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला उत्तर कळलं. गाळ काढून पातळ झालेली चिकण माती आम्ही एकवीस ठिकाणी भोसकली होती. तळाचं भांडं आम्हीच फोडलं होतं. चोराने नेली असती तेवढी मासोळी आम्ही पाण्याबरोबर खाली सोडून दिली होती.

करंटभाऊंनी रेती दोन बोटांत चोळली. माझ्याकडे पाहिलं. त्यांनी दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं. ते एवढंच म्हणाले, "डोंगा काढा. तार गेली, आता पुन्हा हाक मारू." आणि त्यांनी ती रेषा जाताना मारली, येताना मारली, आणि पुन्हा एकदा जाताना मारली. निळा पट्टा गेला होता. त्याच्या जागी, त्याच लांबीचा, लाल पट्टा आला होता. रेतीचा.

रिपोर्टाला जोडायला त्यांनी माझ्या यादीची प्रत मागितली. मी नवी, स्वच्छ अक्षरात लिहून दिली, खाली सही केली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि घडी करून यंत्राच्या पेटीत ठेवली. मी म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले." ते म्हणाले, "थे मी धरूनच चालत होतो. सगळे एकदा बोलतात. मी दुसऱ्यांदा इचारतो त्याच्यासाठीच." केबल, पेटी, यंत्र, सगळं सामान जीपमध्ये चढवून ते सिरोंच्याकडच्या कामावर गेले. जेवून जा म्हटलं तर कालवण कुठल्या मासोळीचं हे विचारलं, आणि जेवून गेले.

मे महिन्यात तो भाग उघडा पडला. गावाने बोडीतून, म्हणजे लहान तळ्यातून, काळी माती आणून टाकली, पाणी शिंपडलं आणि धानाच्या बांधीत चिखलणी करतात तशी रेड्यांनी ती तुडवून घेतली, सात दिवस. पुतण्याचे रेडे सगळ्यात पुढे होते.

करंटभाऊ त्याच्या पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात वारले. हृदयविकार, सिरोंच्याजवळच, कामावर. बातमी त्यांच्या बायकोने फोनवर दिली, आणि वही जपून ठेवली आहे, असंही सांगितलं. पण त्याआधी, होळीच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचा स्वतःचा फोन आला होता. तो शेवटचा.

"बाई, तलावात पाणी किती हाये?"

"भरपूर हाये, भाऊ."

"पाहून सांगता का आयकून सांगता?"

मी ऑफिसातून निघाले, फोन कानालाच होता. पूर्वेकडे, जिथे अँगल होते तिथे, पाण्यात उतरले. लुगडं भिजत होतं आणि धुणं धुणाऱ्या बाया माझ्याकडे पाहत होत्या. पाळीपासून मोजून तेवढी पावलं आत गेले आणि उभी राहिले. आदल्या वर्षी याच दिवशी तिथे चिखल होता. माझ्या पायांना मासोळीचं बोटभर बीज हुळहुळत होतं.

"भाऊ, कमरेच्या वर हाये," मी म्हटलं. "चांगलं चार बोटं वर."

पलीकडे त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, माणूस गहिवरला.

"तुमची उंची किती हाये, बाई?"

आजवर प्रत्येक अर्जात, प्रत्येक ओळखपत्रावर मी पाच फूट लिहीत आले आहे. छातीभर श्वास घेतला आणि त्यांना खरी सांगितली: चार फूट साडेदहा इंच.